'झोपडपट्टी'तली पट्टी

एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत: 'झोपडपट्टी'तली पट्टी घरपट्टी-पाणीपट्टीतलीच का? आणि हा शब्द टाळून 'अनधिकृत वस्ती' म्हणावं का?

पहिलं उत्तर, नाही. घरपट्टीतली पट्टी म्हणजे कर. जत्रेसाठी गाव 'पट्टी काढतं' तीही तीच. झोपडपट्टीतली पट्टी किनारपट्टीतली, लांबट चिंचोळ्या जमिनीची. रुळांच्या कडेला, नाल्याच्या काठाला ओळीने उभ्या राहिलेल्या झोपड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 'झोपडी'तला ईकार समासात गळला, 'पाणी'चं 'पाणपोई' होताना गळतो तसा.

'अनधिकृत वस्ती' मात्र मला अजिबात पटत नाही. महाराष्ट्राच्या १९७१च्या झोपडपट्टी कायद्यात एखादा भाग झोपडपट्टी म्हणून जाहीर करताना बघायचं असतं ते वेगळंच: मूलभूत सोयी नाहीत, दाटी आहे, अस्वच्छता आहे आणि त्यामुळे आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका आहे. जमीन कुणाची, हा त्यातला निकष नाही. खासगी जागेत रीतसर भाडं भरून राहणारेही त्या व्याख्येत येऊ शकतात. जमिनीच्या हक्काबद्दलच बोलायचं असेल तर 'अतिक्रमण' हा शब्द आहे, आणि तोही पुरावा बघूनच वापरावा. धारावीत कोळीवाडा आहे. १९०९च्या मुंबई गॅझेटियरमध्ये मोठ्या कोळीवाड्यांत त्याची नोंद आहे. धारावी म्हटलं की सरसकट 'अनधिकृत' म्हणणारे या कोळ्यांवर धडधडीत अन्याय करतात.

तिथे राहणारी माणसं बहुतेकदा 'आमच्या वस्तीत' असंच म्हणतात. वस्ती आली 'वसति'वरून. राहणं, मुक्काम, एवढाच तिचा अर्थ. मळ्यातली चार घरं ती वस्ती, रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी एसटी ती वस्तीची गाडी. बंगालीत हाच शब्द 'बस्ती' होऊन झोपडपट्टीपुरता आकसला; मराठीत त्याचा ऐसपैसपणा टिकून आहे. सरकारी कागदांनी मात्र त्याला 'गलिच्छ' जोडून 'गलिच्छ वस्ती निर्मूलन' केलं. गटारं बांधली नाहीत पालिकेने आणि विशेषण चिकटलं राहणाऱ्यांना! जागेची स्थिती सांगायची तिथे 'झोपडपट्टी' खुशाल लिहा. माणसांबद्दल लिहिताना 'वस्ती' लिहा.

याच जगातला आणखी एक शब्द टिपून ठेवावा असा आहे: 'पात्र'. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत कोण पात्र, कोण अपात्र हे सांगणारी 'परिशिष्ट दोन' नावाची यादी लागते. झोपडी १ जानेवारी २०००च्या आधीची असल्याचा पुरावा असला की मोफत घराचा हक्क मिळतो. संस्कृतात पात्र म्हणजे भांडं, आणि लायक माणूसही. मुंबईत हे विशेषण माणसावरून घरावर गेलं. "आमचं घर पात्र झालं, दिराचं अपात्र," असं बायका सांगतात, आणि दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच असते.