बाहेर फिरायला गेलो की भांडणच होतं, मग आमचं जमायचं कसं?

‘घरी असतो तेव्हा ठीक असतं. पण जरा कुठे दोघं फिरायला गेलो की भांडण ठरलेलं. एक दिवस सुखाने काढता येत नसेल, तर अख्खा संसार कसा निभणार?’ लग्नाला दोन-चार वर्षं झालेली जोडपी समुपदेशनाला येतात, तेव्हा हा प्रश्न फार वेळा ऐकायला मिळतो. विचारणाऱ्यांच्या आवाजात भीती असते. फिरायला जाणं म्हणजे आनंदाचीच गोष्ट, आणि तिथेही वाद झाला म्हणजे मुळातच काहीतरी बिघडलंय, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं.

बहुतेक वेळा तसं नसतं. का नसतं, ते एका जोडप्याच्या राणीच्या बागेतल्या दिवसावरून नीट कळतं. नावं बदललेली आहेत आणि ओळख पटेल असे तपशीलही.

सुप्रिया आणि मंगेश भांडुपला राहतात, सोबत मंगेशची आई. घर वन रूम किचन. सुप्रिया एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला आहे, तिला रविवारी सुट्टी. मंगेश मुलुंडला हार्डवेअरच्या दुकानात, त्याची सुट्टी सोमवारी. म्हणजे आठवड्यातला एकही पूर्ण दिवस दोघांचा म्हणून नाही. सुप्रियाला पेंग्विन बघायचे होते, ती वर्षभर म्हणत होती. शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी दोघं निघाले. संध्याकाळी परतताना ती लेडीज डब्यात बसली, तो जनरलमध्ये, आणि पुढचे काही दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

समुपदेशनात पहिल्यांदा दोघांनी सांगितलं ते असं. ती म्हणाली, ‘याला माझ्यासोबत वेळ घालवायचाच नसतो.’ तो म्हणाला, ‘हिला काहीही करा, समाधान नाही.’ ही दोन्ही वाक्यं निकालाची आहेत, त्यात त्या दिवसाची हकीकत कुठेच नाही. अशा वेळी आम्ही निकाल बाजूला ठेवतो आणि दिवस तासातासाने उलगडायला लावतो: किती वाजता उठलात, काय खाल्लंत, कोण काय बोललं, त्याआधी काय झालं होतं.

उलगडा झाला तो असा. सुप्रिया पहाटे पाचला उठली होती. दुपारचं आणि रात्रीचं जेवण करून ठेवलं, म्हणजे सासूबाईंना बोलायला जागा नको. निघायला साडेदहा झाले. रविवारचा मेगाब्लॉक कुणी बघितलाच नव्हता, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर बराच वेळ गेला. भायखळ्याला उतरून बागेत पोहोचेपर्यंत साडेबारा. शाळांना सुट्ट्या, त्यात रविवार, तिकिटाला रांग, पेंग्विनच्या दालनाला वेगळी रांग. सुप्रियाने सकाळच्या चहा-बिस्किटांनंतर काही खाल्लं नव्हतं. मंगेशने आणलेली पाण्याची एकच बाटली रांगेतच संपली.

पेंग्विनचं दालन थंडगार, सोळा ते अठरा अंशांवर ठेवलेलं. ती काचेला नाक लावून उभी होती. ‘अरे मंगेश, बघ ना, तो एकटाच कसा उभा आहे.’ तो म्हणाला, ‘हो हो, चल आता, वाघ बघायचाय.’ दोन मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली, ‘यांच्यात नर-मादी दोघंही अंड्यावर बसतात म्हणे. बघ, पक्षीसुद्धा घरात मदत करतात.’ त्यावर तो काहीच बोलला नाही. बाहेर आले तर ऊन डोक्यावर. दोन वाजता वाघाच्या पिंजऱ्याशी पोहोचले, वाघ सावलीत आडवा. तेवढ्यात आईंचा फोन, दुपारपासूनचा तिसरा: येताना काय आणताय? फोन ठेवता ठेवता मंगेश म्हणाला, ‘एवढ्यासाठी आख्खा दिवस घालवला.’ आणि सुप्रिया म्हणाली, ‘तुझं नेहमी असंच असतं.’

वरवर बघितलं तर भांडण वाघावरून. पण त्यानंतरच्या भेटीत जे बाहेर आलं, ते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं. रविवारी सुट्टी घ्यायची म्हणून मंगेशने त्या दिवसाचा रोज कापून घेतला होता. हे त्याने सुप्रियाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर ती ‘मग नको जाऊया’ म्हणेल, असं त्याला वाटलं. इतके पैसे गेलेत तर निदान सगळे प्राणी बघून तरी होऊ देत, या हिशोबाने तो एका पिंजऱ्यावरून दुसऱ्या पिंजऱ्याकडे पळत होता. तिला वाटलं, याला माझ्याशेजारी उभं राहायचाही कंटाळा. आणि पहाटे पाचला उठून ती दोन वेळचा स्वयंपाक करून निघाली आहे, हे मंगेशच्या लक्षातही आलं नव्हतं. तो साडेआठला उठला तेव्हा ओटा पुसून झालेला होता.

दोघांनीही त्या दिवसाची किंमत मोजली होती, गुपचूप. आणि दोघंही मनातल्या मनात वाट बघत होते की समोरच्याने त्याची परतफेड करावी: तिला निवांतपणा हवा होता, त्याला ‘मजा आली’ हे शब्द. समोरच्याला देणं आहे हेच माहीत नाही, तर तो फेडणार कसा? मग उन्हाचं, भुकेचं, मेगाब्लॉकचं सगळं खापर एकमेकांच्या डोक्यावर फुटतं. फिरायला गेल्यावर होणाऱ्या भांडणांत हे इतक्या वेळा दिसतं, की जोडप्यांना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: या दिवसासाठी तुम्ही काय सोडलंत आणि ते समोरच्याला सांगितलंत का?

सांगण्याची पद्धत सोपी आहे, पण वेळ अचूक हवी. निघायच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, दहा मिनिटं. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या. या दिवसासाठी मला काय सोडावं लागतंय. आणि दिवसात कोणती एक गोष्ट झाली तर मी म्हणेन की दिवस चांगला गेला. एकच. तीन सांगितल्या की त्याची पुन्हा कामांची यादी होते. ‘तुला आवडेल ते’ हे उत्तर चालत नाही, कारण असं म्हणणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच आणि ते नंतर वाघाच्या पिंजऱ्यापाशी बाहेर येतं.

आता पेंग्विनपाशी काय झालं ते बघू, कारण माझ्या मते खरी ठेच तिथे लागली. ‘बघ ना, तो एकटाच उभा आहे’ या वाक्यात पेंग्विनची माहिती काहीच नाही. ती एक हाक आहे: माझ्यासोबत ये, मी बघते ते तूही बघ. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नवविवाहित जोडप्यांमधल्या अशा छोट्या हाकांचा अभ्यास केला. सहा वर्षांनी पाहिलं, तर जी जोडपी एकत्र होती, त्यांनी सुरुवातीच्या निरीक्षणात शंभरातल्या सुमारे ८६ हाकांना प्रतिसाद दिला होता. जी वेगळी झाली होती, त्यांच्यात हा आकडा ३३च्या आसपास होता. प्रतिसाद म्हणजे लांबलचक बोलणं नव्हे. मान वळवून बघणं, ‘हो गं, रुसलाय वाटतं’ इतकं म्हणणं पुरतं. याला पाच सेकंद लागतात. ‘हो हो, चल’ म्हणायलाही तितकाच वेळ लागतो.

पण दुसऱ्या वाक्याचं काय? तिथे सुप्रियाकडूनही गडबड झाली. ‘पक्षीसुद्धा घरात मदत करतात’ यात खरी मागणी आहे, पण ती टोमण्यात गुंडाळलेली. माहिती बरोबर आहे. हंबोल्ट पेंग्विनची जोडी साधारण चाळीस दिवस आळीपाळीने अंडी उबवते. मंगेशला मात्र त्यात फक्त ‘तू पेंग्विनपेक्षाही वाईट’ एवढंच ऐकू आलं. टोमण्याला समोरचा एकतर उलट टोमणा मारतो किंवा गप्प होतो; मागणी जागेवरच राहते. आम्ही तिला ती मागणी सरळ मांडायला सांगितलं: कोणतं काम, कोणत्या वारी, कुणी. बऱ्याच प्रयत्नांनी वाक्य तयार झालं: ‘सोमवारी तू घरी असतोस, तेव्हा आठवड्याची भाजी आणून निवडून ठेवशील का?’ मंगेशने लगेच ‘हो’ म्हटलं. तिला आश्चर्य वाटलं. त्याला इतकी वर्षं नेमकं काय करायचं तेच कुणी सांगितलं नव्हतं.

आईंच्या फोनचा मुद्दा नाजूक होता. अशा वेळी सुनेने फोन बंद करायला सांगितला की ती वाईट ठरते. आमचा आग्रह असतो तो एवढाच: आपापल्या माणसांशी आपण बोलायचं. मंगेशने आदल्या रात्री स्वतः आईला सांगायचं, ‘आई, उद्या आम्ही दोघं बाहेर आहोत. एक वाजता मी तुला फोन करीन.’ आणि एक वाजता तो खरोखर करायचा, विसरायचा नाही. ठरलेला फोन आला की मधले फोन आपोआप कमी होतात, कारण त्या फोनांमागे बहुतेकदा एकटेपण असतं.

दिवाळीनंतर दोघं पुन्हा राणीच्या बागेत गेले. या वेळी सोमवार निवडला आणि सुप्रियाने रजा टाकली. तिची रजा भरपगारी असते, त्याची कापली जाते, हा हिशोब या वेळी दोघांच्या समोर झाला. बाग बुधवारी बंद असते, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद, तेवढं लक्षात ठेवावं. दोघांच्या तिकिटांना शंभर रुपये. त्याची एक गोष्ट वाघ, तिची एक गोष्ट पेंग्विनपाशी अर्धा तास. क्रम कसा लावायचा? वाघ, बिबट्या यांची हालचाल थंड वेळेत जास्त, दुपारी ते झोपणारच. पेंग्विनच्या दालनाचं तापमान दिवसभर सारखंच. म्हणून साडेनऊला दार उघडल्याबरोबर आधी वाघ, आणि ऊन चढलं की पेंग्विनचा गारवा. मे महिन्यात त्यांनी नेमकं उलटं केलं होतं.

पोळी-भाजी आदल्या रात्री दोघांनी मिळून केली, त्यामुळे पाचला उठणं टळलं. पाणी प्रत्येकी एक लिटर. सोमवारी सकाळची गर्दी असते म्हणून ती लेडीज डब्यात, तो जनरलमध्ये, आणि भायखळ्याला उतरल्यावर कुठे भेटायचं ते आधीच ठरलेलं. साडेअकराला, भूक लागायच्या आधी, झाडाखाली बसून खाल्लं. ही बाग १८६२ साली खुली झाली ती वनस्पतिउद्यान म्हणून. गोरखचिंच, कैलासपती अशी जुनी, मोठी झाडं तिथे आहेत, आणि बसण्यासाठी सावली शोधावी लागत नाही. प्राण्यांच्या मागे धावणारे लोक ही झाडं बघतच नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते. जोडप्यांनी तर तिथे आवर्जून बसावं.

त्या दिवशीही वाद झाला, हे सांगायलाच हवं. फोटोंवरून. सुप्रिया फोटो काढून घेत होती, एक बरा येईना, मंगेश वैतागला. पण यासाठीची तयारी आधी करून घेतलेली होती. आवाज चढला, छातीत धडधड जाणवली, ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले, की माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही. तेव्हा समजावण्यात अर्थ नसतो. दोघांपैकी कुणीही ‘थांबूया’ म्हणायचं आणि निदान वीस मिनिटं वेगवेगळ्या बाकांवर बसायचं, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. उठून जाणाऱ्याने परत कधी बोलायचं ते सांगूनच जायचं. न सांगता गेलं तर मागे राहिलेल्याला ते सोडून जाणं वाटतं आणि भांडण दुप्पट होतं. आणखी एक चूक सर्रास होते: या वीस मिनिटांत लोक मनातल्या मनात पुढचं उत्तर जुळवत बसतात. त्याने धडधड उतरतच नाही. झाडं बघा, माणसं बघा, पाणी प्या. भांडणाचा विषय सोडून काहीही. परत आल्यावर ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द वगळून बोलायचं. फोटोंचा प्रश्न मग पटकन सुटला: वाघापाशी पाच फोटो, पेंग्विनपाशी पाच, बाकी वेळ मोबाइल पिशवीत.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. वर सांगितलेलं सगळं दोन बरोबरीच्या माणसांमधल्या कुरबुरीसाठी आहे. फिरायला गेल्यावर चारचौघांत अपमान करणं, हात उगारणं, एकटीला तिथेच सोडून निघून जाणं, पैसे किंवा मोबाइल काढून घेणं, ‘घरी चल मग बघतो’ अशी धमकी, यातलं काही होत असेल तर त्यावर दिवसाचं नियोजन हा उपाय नाही. तिथे आधी सुरक्षितता. अशा स्त्रियांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मनाचा ताण असह्य होत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर कुणालाही, पुरुषांनाही, मोफत बोलता येतं.

सुप्रिया-मंगेशचं समुपदेशन अजून चालू आहे. सुट्टीच्या वारांचं कोडं पूर्ण सुटलेलं नाही. दर महिन्यातला एक सोमवार तिने रजा घेऊन आणि एका रविवारी त्याने मालकाकडून अर्धा दिवस मागून, असं तूर्त ठरलंय. सासूबाईंनी ‘मलाही एकदा न्या की’ म्हटलं. त्यावर दोघांनी आधी आपसात बोलून ठरवलं, की त्यांना न्यायचं, पण त्या दिवसाची मोजणी दोघांच्या दिवसात धरायची नाही.