रक्तातल्या कर्कपेशींचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, तर?

प्रश्न : आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. तपासण्या व्यवस्थित आहेत. मात्र ‘सीके-१९ आरटी-पीसीआर’मध्ये रक्तात कर्कपेशी असल्याचा रिपोर्ट आला आहे. आजार उलटला असं समजायचं का?

उत्तर : नाही, एवढ्यावरून अजिबात नाही. ही चाचणी पेशी डोळ्यांनी पाहत नाही. रक्तातल्या पेशी फोडून निघालेल्या आरएनएत सीके-१९ या जनुकाचा संदेश आहे का, एवढंच ती शोधते. हे जनुक स्तन, आतडं, घामाच्या ग्रंथी अशा ठिकाणच्या पेशींत चालू असतं, रक्तपेशींत जवळजवळ बंद. म्हणून संदेश सापडला की कर्कपेशी असावी, असा हा तर्क आहे.

तो पहिल्यांदा चुकतो सुईच्या टोकाशी. सुई कातडीतून शिरेत जाताना वाटेतल्या पेशी खरवडून आत येतात आणि पहिल्या ट्यूबमध्ये उतरतात. म्हणून पहिले काही मिलिलिटर रक्त सीबीसीसारख्या दुसऱ्या तपासणीला द्यायचं आणि पुढची ट्यूब या चाचणीसाठी घ्यायची. आईचं रक्त घेताना एकच ट्यूब भरली असेल, तर या रिपोर्टवर आम्ही भिस्त ठेवणार नाही.

दुसरी अडचण खुद्द सीके-१९चीच. आपल्या डीएनएत या जनुकाची हुबेहूब दिसणारी निकामी प्रत आहे. आरएनए काढताना डीएनएचा अंश राहिला, तर पीसीआर (डीएनएचा तुकडा फेरीगणिक वाढवत नेणारी पद्धत) त्या प्रतीचीच वाढ करत बसतं. त्यासाठी डीएनए पचवणारं एन्झाइम वापरतात, आणि एका नळीत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएची डीएनए-प्रत काढणारं एन्झाइम; त्याविना पीसीआरला आरएनए दिसत नाही) मुद्दाम घालत नाहीत. त्या नळीतही संकेत उमटला, तर तो डीएनएचा, पेशीचा नव्हे.

तिसरी गोष्ट संख्येची. साडेसात मिलिलिटर रक्तात साधारण ३ ते ८ कोटी पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्यात हे जनुक ‘बंद’ असलं तरी थेंबभर गळती असतेच, आणि अंगात दाह असेल तर ती वाढू शकते. पीसीआर ४० फेऱ्यांपर्यंत नेलं की तीही दिसू लागते. म्हणून कितव्या फेरीपर्यंतचा संकेत धरायचा, ही मर्यादा निरोगी लोकांचं रक्त तपासून ठरवावी लागते. लॅबला विचारा : तुमची मर्यादा किती, आईचा आकडा किती, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजविना नळी लावली होती का? ही उत्तरं घेऊन आईच्या कर्करोगतज्ज्ञांकडे जा. केवळ या रिपोर्टवरून केमो सुरू करू नका, चालू असलेल्या गोळ्याही थांबवू नका.

प्रश्न : मग निगेटिव्ह आला की निर्धास्त राहायचं?

उत्तर : तेही नाही. साडेसात मिलिलिटरमागे सरासरी एकच पेशी फिरत असेल, तर शंभरातल्या सुमारे ३७ ट्यूबमध्ये एकही सापडणार नाही. हा निव्वळ गणिताचा हिशोब आहे, लॅबचा दोष नव्हे. शिवाय काही कर्कपेशी रूप पालटतात आणि सीके-१९ कमी करतात. आरएनए तर फार नाजूक. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्यावं आणि काही तासांत प्रक्रियेला लावावं. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधलं हेपॅरिन पीसीआरला अडवतं.

प्रश्न : ‘सेलसर्च’ ही हीच चाचणी का?

उत्तर : नाही. सेलसर्च पेशी चुंबकाने वेचून, रंगवून मोजते. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी तिला अमेरिकेत २००४ साली परवानगी मिळाली. साडेसात मिलिलिटरमध्ये ५ किंवा जास्त पेशी म्हणजे आजाराचा रोख वाईट. मात्र केमोच्या पहिल्या फेरीनंतरही आकडा चढाच राहिलेल्या रुग्णांची औषधं लगेच बदलून पाहिली, तरी त्यांचं आयुष्य वाढलं नाही, असं तिथल्याच ‘एस-०५००’ या चाचणीअभ्यासात २०१४ साली दिसलं.