भाकरी का पोळी, हा पण साधा प्रश्न नसतो

प्रश्न : ताई नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातला, वय ३६, खतं-बियाण्याचं दुकान आहे. आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, १४ जण, पोरी पण आहेत. मला सवयच लागली की दर रविवारी सकाळी काहीतरी प्रश्न टाकायचा. मुरमुऱ्याचा सुशीला का पोहे, भाकरी का पोळी, चहात अद्रक का विलायची, मटण कुणाच्या घरचं भारी. लोकं धडाधड उत्तरं द्यायचे. मग जिल्हा परिषदेच्या इलेक्शनच्या आधी तसाच पोल टाकला की कुणाला मत देणार, चार पक्षांची नावं टाकून. दोन तासात एवढं भांडण झालं की दोघं ग्रुप सोडून गेले, त्यातला एक तर शेजारीच राहतो, आता दुकानासमोरून जातो पण मान वर करत नाही. मी ठरवलं की राजकारण बंद, फक्त खाण्यापिण्याचं विचारायचं. तर एक मैत्रीण पर्सनलवर म्हणली, राजकारणाचं मला काही वाटलं नाही रे, तुझा मटणाचा प्रश्न जास्त बोचला. का म्हणून विचारलं तर म्हणली जाऊ दे. माझं नेमकं काय चुकलं? मित्रांना काही विचारायचंच नाही का?

उत्तर : दादा, विचारणं बंद करू नका. मित्रच एकमेकांना विचारंना झाले की मग कुणाच्या घरात काय चाललंय ते तिसऱ्याच माणसाकडून कळतं, आणि ते बरंचसं चुकीचं असतं. पण तुमच्या मैत्रिणीचं वाक्य मी तीन-चारदा वाचलं, आणि मला वाटतं की तिनं तुम्हाला लई महत्त्वाचं काहीतरी सांगितलंय, म्हणून आधी तिचंच बोलते.

आपल्याकडं "काय खाता" हा प्रश्न बऱ्याचदा "तुमची जात कोणती" याच्या जागी विचारला जातो. मी ९६ साली शिकायला औरंगाबादला गेले, तेव्हा तेच नाव होतं, आम्ही तिघी मैत्रिणी रूम बघत फिरायलो होतो. एका घरी काकूंनी आत बसवलं, पाणी दिलं, गाव विचारलं, आडनावं विचारली, एकीच्या आडनावावरून त्यांना काही कळंना म्हणून मग विचारलं, घरी काय खाता गं तुम्ही. ती खरं बोलली. काकू म्हणल्या अगं रूम तर कालच गेली, मी सांगायचंच विसरले. खाली उतरलो तर गेटवर "खोली भाड्याने देणे आहे" ची पाटी तशीच लटकत होती. त्यानंतर त्या मैत्रिणीला मेसमध्ये कुणीही विचारलं की तुला काय आवडतं, तर ती म्हणायची मला काहीपण चालतं. तिला काहीपण चालत नव्हतं दादा. तिला हरभऱ्याच्या वाळलेल्या पाल्याची भाजी आणि त्यावर कच्चं तेल लई आवडायचं, हे मला तीन वर्षांनी कळलं, तिच्या गावी गेल्यावर, तिच्या आईकडून. तीन वर्षं एका खोलीत राहून.

एका गावात एकच स्वयंपाक नसतो ना. कुणाच्या घरी पुरणावर तूप, कुणाच्या घरी चान्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, आणि चान्यांचा डबा शाळेत झाकण अर्धं लावूनच खायचा हे त्या घरच्या लेकरांना कुणी शिकवावं लागत नाही. २०१५ ला राज्यात बैल-वळू कापायला पण बंदी आली, आता तो कायदा बरोबर का चूक यावर तुमच्या १४ जणांत १४ मतं असतील, पण ज्याच्या ताटातलं काही गेलंय त्याला मटणाचा पोल हलकाफुलका नाही वाटणार. तसंच माळकरी घरातल्याला "तू काय घासफूस खाणार" म्हणून चिडवलेलं तो पण वर्षानुवर्षं विसरत नाही. तुमच्या मैत्रिणीला यातलं काय बोचलं मी कसं सांगू, कदाचित जातीचं काहीच नसेल, आज मटणाचा भाव बघता घरी मटण झालंच नसेल कितीतरी महिने, आणि सगळे आपापल्या रस्स्याचे फोटो टाकायलेत. ती जाऊ दे म्हणली म्हणून जाऊ देऊ नका. पण फोनवर नको, ग्रुपवर तर नकोच. समोर बसून विचारा आणि ती बोलायला लागली की "माझा तसा हेतू नव्हता" हे वाक्य निदान पहिला अर्धा तास तरी तोंडातून काढू नका.

आता भाकरी का पोळी. हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो, कारण यात आपला सगळा मुलूख येतो. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती, तेव्हा अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी वाटायचे, सुकडी वाटायचे. ती शेवटपर्यंत लालसर भाकरीला हात लावायची नाही, पांढरीशुभ्र शाळू ज्वारी असेल तरच खायची, आणि आम्ही लेकरं तिला नखरेल म्हणून हसायचो. तो नखरा नव्हता. आजीच्या काळात रोज ज्वारी आणि सणाला गहू असं होतं, आता उलटं झालं. रेशनवर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून ते फुकट आहे, आणि वर्षानुवर्षं त्यात आपल्याकडं मुख्यतः गहू आणि तांदूळच आला. चांगली ज्वारी दुकानातून घ्यायची तर गव्हापेक्षा महाग पडते. म्हणजे तुमच्या ग्रुपवर जो "पोळी" म्हणला त्याला पोळी आवडते का पोळीच परवडते, ते तुमच्या पोलमधून कळणार नाही. तेलाचंच बघा, आमच्या लहानपणी करडीचं तेल घाण्यावरून काढून आणायचे, त्यात तिखटाचा भुरका केला की घरभर वास सुटायचा. आता करडीचं शेत दाखवायला लांब जावं लागतं, रानात सोयाबीन आणि घरात पिशवीतलं तेल. तुम्ही तर बियाणंच विकता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणून म्हणते, खाण्याचं वेगळं आणि राजकारणाचं वेगळं असे दोन कप्पे तुम्ही केलेत तिथंच गडबड झाली. "भाकरी का पोळी" च्या ऐवजी "तुमच्याकडं आठवड्यातून किती दिवस भाकरी होते आणि पहिल्यापेक्षा कमी झाली का, कशामुळं" असं विचारून बघा. कुणी सांगंल बायको नोकरीला जाते वेळ नसतो, कुणी म्हणंल आईचे हात दुखतात, भाकरी थापणं होत नाही, आता पापड-चटणीवाल्या बाईकडून विकत आणतो, कुणी म्हणंल ज्वारी पेरणंच सोडलं, काढणीला माणूस मिळत नाही. यात पक्षाचं नाव कुठंच नाही, पण मजुरी, भाव, रेशन, बायकांचं काम सगळं येतं की नाही?

आणि तो पोल. बघा, मुंबईत एखाद्यानं मित्राला सांगितलं की मी अमक्याला मत देणार तर त्याचं काय बिघडतं. आपल्याकडं तसं नाही. झेडपीचा उमेदवार म्हणजे कुणाच्या तरी भावकीतला, कुणाच्या बायकोचा मामा, कुणाच्या पोराला त्याच्या संस्थेवर लावून घेतो म्हणलेला, कुणाचं विहिरीचं बिल पंचायत समितीत अडकलेलं. १४ जणांसमोर एका बटणावर बोट ठेवायचं म्हणजे त्या माणसानं स्वतःला उघडं करायचं, आणि स्क्रीनशॉट निघाला की गेलंच. त्यात २०२३ ला आंतरवाली सराटीपासून आरक्षणाचं सगळं तापलं, तेव्हापासून मराठा-ओबीसी अशी ओढाताण घराघरात आली, दुकान कुणाचं ते बघून सामान घ्यायचं ही भाषा मी माझ्या स्वतःच्या नात्यात ऐकली आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अशा वेळी तुम्ही चार नावं टाकून निवडा म्हणलात. त्यांना तो प्रश्न मित्राचा वाटलाच नसेल, मोजदाद वाटली असेल.

राजकारण मित्रांशी बोलायचंच, मी तर म्हणते मित्रांशीच बोलायचं, टीव्हीवाल्यांवर किती दिवस सोडणार. पण कोणाला मत, हे सोडून बाकी सगळं विचारा. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल आहे, तुझं कितीनं गेलं, आणि त्या भावात का नाही गेलं, खरेदी केंद्रावर नेलं होतं का. शाळेत मास्तर किती आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, तुम्ही तेव्हा पंचविशीतले असाल, त्या उन्हाळ्यात घागर घेऊन कोण कोण कुठं उभं होतं ते एकदा ग्रुपवर विचारा. तुमच्याच बॅचमधलं कोण काय काय सोसून बसलंय ते बाहेर येईल. आणि एखाद्याचं उत्तर पटलं नाही तर लगेच तोडू नका, "तुला असं का वाटलं" एवढं विचारून थांबा. मला हे जमायला पस्तिशी उलटली.

शेजाऱ्याचं म्हणाल तर ग्रुपवर सॉरी टाकून चालणार नाही. तुमच्या भागात येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, भज्जी, आंबील, उंडे घेऊन ज्याच्या त्याच्या शेतात जातात, वाटंनं जाणाऱ्याला पण हात धरून जेवायला बसवतात, त्या दिवशी नाही म्हणता येत नाही. पण येळवस अजून लांब असेल तर वाट बघू नका. भिंतीला भिंत आहे. संध्याकाळी जा, पोल माझ्याकडून चुकला, तुला सगळ्यांसमोर अडचणीत टाकलं, असं सरळ म्हणा. तो लगेच बोलेलच असं नाही. तरी जा.

प्रश्न : मी परभणीची, पुण्यात जॉबला. रूममेट्स सारख्या म्हणतात, तुमच्याकडचं जेवण म्हणजे नुसतं तिखट आणि शेंगदाण्याचं कूट, आणि मग पुढं, तुमच्याकडं एवढे मोठे मोठे नेते झाले तरी तुम्ही मागास कसे गं? मला एवढा राग येतो की उत्तरच सुचत नाही.

उत्तर : बाळा, दुसऱ्या प्रश्नावर चिडू नको, तो मला पण पडतो. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण, चार मुख्यमंत्री मराठवाड्यानं दिले, मग विकासाचा अनुशेष का राहिला हे आपणच आधी विचारायला पाहिजे. त्यांना एवढं सांग की आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं तरी, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच. अनुशेष मोजायला १९८३ ला दांडेकर समिती नेमली, १९९४ ला वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदत २०२० ला संपली. हे सगळं माहीत असलं की राग कमी होतो आणि बोलणं सुरू होतं, निदान माझं तरी झालं.

तिखटाचं मात्र तोंडानं सांगू नको. रविवारी सुशीला कर, मुरमुरे भिजवून हलक्या हातानं पिळून घे, कांदा-मिरचीची फोडणी, वरून डाळ्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर. मिरची अर्धीच घाल. मग त्यांना विचार, तुमच्या गावाकडं सकाळी काय करतात, आणि नीट ऐक, कारण कदाचित तुलाही त्यांच्या घरच्या जेवणाबद्दल काही माहीत नसेल.

प्रश्न : वय १९, अंबाजोगाई. पहिल्यांदाच मतदान केलं. मित्र रोज विचारायलेत कुणाला दिलं सांग, शपथ घालतात. खोटं सांगितलं तर चालेल का?

उत्तर : खोटं कशाला? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९४ वं कलम आहे, तू कुणाला मत दिलंस हे सांगायला कोर्टसुद्धा तुला भाग पाडू शकत नाही. जे कोर्टाला विचारता येत नाही ते मित्राला पण शपथ घालून विचारता येत नाही. नाही सांगणार म्हण आणि तिथंच बस, उठून जाऊ नको, नसता त्यांना वाटंल तू चिडलास. आणि पहिल्या मतदानाला मशीनसमोर उभं राहून कसं वाटलं ते सांग की त्यांना, ते तर गुप्त नाही ना.