एलव्हॅड बसवल्यानंतरचं घर: बडोद्याचा अनुभव

तुमच्या बाबांचं वय ५८, हृदयाचं पंपिंग १५ टक्क्यांवर आलंय, डॉक्टरांनी एलव्हॅड, म्हणजे कमजोर हृदयाला रक्त ढकलायला मदत करणारा पंप, सुचवलाय, आणि आई विचारतायत की यंत्राला बांधलेल्या आयुष्यात माणसाला सुख ते काय मिळणार. आमच्या ह्यांना अहमदाबादला हा पंप बसवला त्याला आता काही वर्षं झाली. ऑपरेशनचं डॉक्टर तुम्हाला सांगतीलच, मी घरातलं लिहिते.

आईंना पहिलं हे सांगा की दम जातो. आधी हे तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. आंघोळ करून आले की बराच वेळ तोंडातून शब्द फुटायचा नाही. पंप बसल्यावर पाठ टेकून झोपायला लागले, पायांची सूज उतरली, अन्नावरची गेलेली वासना परत आली. आता संध्याकाळी कमाटी बागेत फेरी मारतात आणि चालता चालता माझ्याशी वादही घालतात. ज्यानं घरात हार्ट फेल्युअर पाहिलंय त्यालाच कळेल की ही केवढी गोष्ट आहे.

पण हे लगेच होत नाही. छातीचं हाड कापलेलं असतं, अंगात ताकद नसते, आणि पहिले दोन-तीन महिने मन फार खाली जातं. हे चिडायचे, रडायचे, ‘कशाला केलं हे सगळं’ म्हणायचे. त्या काळासाठी समुपदेशकाची वेळ आधीच घेऊन ठेवा. मानसिक आधार हा उपचाराचाच भाग आहे.

पंप हृदयाच्या जागी बसत नाही. तो डाव्या कप्प्यातलं रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. उजवी बाजू आपली आपल्यालाच सांभाळावी लागते. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा: उजवं हृदय कसं आहे, मूत्रपिंडं कशी आहेत, आणि पंप हृदय प्रत्यारोपण होईपर्यंत आहे की कायमचा? उजवी बाजू कमजोर असेल तर पंप असूनही सूज राहू शकते, आणि मग मी वर लिहिलेलं सुख तेवढं मिळत नाही.

आता विजेचं. पोटातून एक वायर बाहेर येते ती कंट्रोलरला, म्हणजे पंप चालवणाऱ्या छोट्या डबीला, आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना. ह्यांचा पंप हार्टमेट ३ या मॉडेलचा आहे. त्याची चार्ज केलेली जोडी सतरा तासांपर्यंत चालते, जुनी झाली की कमी. बदलताना एका वेळी एकच काढायची, दोन्ही कधीच नाही. सगळं मिळून अंगावर किलोभराहून जास्त वजन राहतं. आम्ही दांडिया बाजारातल्या शिंप्याकडून दोन्ही बाजूंना खोल खिसे असलेली जाकिटं शिवून घेतली, वर सैल सदरा घातला की कुणाला कळतही नाही. रात्री भिंतीतल्या विजेवर जोडतात, तर तो प्लग बटणाच्या सॉकेटमध्ये नको असं कंपनी सांगते. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण! आम्ही इलेक्ट्रिशियनकडून बटण नसलेला, चांगलं अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट काढून घेतला. हे काम पेशंट घरी यायच्या आत उरका.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी सोसायट्यांत वीज नव्हती. पाणी वाढतंय म्हटल्यावर आम्ही जादा कंट्रोलर, सगळ्या बॅटऱ्या, चार्जर आणि ड्रेसिंगची पेटी उचलून आणंदला नणंदेकडे गेलो. तुम्ही नदीच्या जवळ राहत असाल तर दुसरं घर आजच ठरवून ठेवा, आणि तिथल्या माणसांनाही बॅटरी बदलायला शिकवा. इन्व्हर्टर असू द्या, पण भरवसा भरलेल्या बॅटऱ्यांवर ठेवा.

ड्रेसिंग हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. वायर जिथून बाहेर येते ती जागा कायमची उघडी असते, आणि तिथे जंतू शिरले तर महिनोन्महिने अँटिबायोटिक. हात धुऊन, मास्क लावून, निर्जंतुक हातमोजे घालून, पंखा बंद करून. वायर पोटाला पट्टीनं घट्ट अडकवायची, म्हणजे दाराच्या कडीत अडकली तरी हिसका त्या जागेला बसत नाही. तांब्यानं डोक्यावरून पाणी घ्यायची आंघोळ सुटते. जखम भरून डॉक्टरांनी परवानगी दिली की वॉटरप्रूफ पिशवीत सगळं घालून शॉवर, तोवर ओल्या कपड्यानं अंग पुसणं. पोहणं कायमचं बंद. ह्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला आम्ही चांदोदला जातो, तिथे मुलगा नर्मदेत उतरतो आणि हे घाटावर बसून संकल्प सोडतात. पहिल्या वेळी त्यांना फार लागलं होतं.

वॉरफॅरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, आयुष्यभर. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा, बहुधा दोन ते तीनच्या मध्ये ठेवायला सांगतात. पालक, मेथी, अळू बंद करायची गरज नाही, पण आठवडाभर काही नाही आणि एक दिवस पोटभर हिरव्या भाज्यांचा उंधियू, असं चालत नाही. सेव-उसळ, पापड, लोणचं हे मिठासाठी जपून. अंग दुखलं म्हणून केमिस्टकडून परस्पर गोळी आणायची नाही. या पंपात आतड्यांतून रक्तस्राव होण्याचा धोका असतोच, काळी शौच दिसली की फोन करायचा. हार्टमेट ३ सोबत ॲस्पिरिन वगळलं तर रक्तस्राव कमी होतो आणि गुठळ्यांचा धोका वाढत नाही, असं २०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा, मनानं काही बंद करू नका. जुलाब झाले, उन्हाळ्यात शरीरात पाणी कमी पडलं, की पंपाचा प्रवाह घटून अलार्म वाजतो.

नाडीचं नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. रक्त सलग वाहतं, म्हणून मनगटावर नाडी बहुतेक वेळा लागत नाही आणि बीपीचं साधं मशीन आकडा दाखवत नाही. नर्स डॉपलरनं, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रानं, बीपी मोजतात. रस्त्यात काही झालं तर नाडी नाही म्हणून अनोळखी माणूस घाबरून भलतंच करेल. ह्यांच्या गळ्यात पंपाची माहिती आणि टीमचा चोवीस तासांचा नंबर असलेलं कार्ड असतं. जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आम्ही स्वतः जाऊन पंप दाखवून आलो.

नवरात्रात हे गरब्याला येतात, खुर्ची कडेला घेऊन बसतात. गर्दीत धक्का बसतो म्हणून गोलात नाही. एमआरआय करता येत नाही. स्कूटर आमच्या डॉक्टरांनी बंद केली, गाडी काही महिन्यांनी परत सुरू झाली. नवरा-बायकोचं नातंही डॉक्टरांना विचारून पूर्ववत होऊ शकतं. लाजेपायी बरेच जण हे विचारत नाहीत, म्हणून मी लिहितेय.

आकडे तुम्ही मागितलेत. २००१ च्या रिमॅच चाचणीत पंपवाल्यांपैकी वर्षाअखेर ५२ टक्के जिवंत होते, नुसत्या औषधांवरचे २५ टक्के. तो जुना पंप होता. हार्टमेट ३ च्या मोमेंटम ३ चाचणीत पाच वर्षांनी ५८ टक्के जिवंत होते. इंग्लंडचे पीटर हॉटन यांना २००० मध्ये कायमचा पंप बसवला, त्यानंतर ते सात वर्षांहून अधिक जगले, समाजकार्य करत राहिले. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना २०१० मध्ये पंप बसला आणि २०१२ मध्ये प्रत्यारोपण झालं. पण उरलेले ४२ टक्केही त्याच आकड्यात आहेत, ते झाकून निर्णय घेऊ नका. पक्षाघात झाला, मूत्रपिंडं गेली, तर काय करायचं आणि पंप कधी थांबवायचा, हे बाबांच्या तोंडून आत्ताच ऐकून घ्या. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारी आणि असे निर्णय घ्यायला मदत करणारी टीम यासाठीच असते, पंप बसवायच्या आधी त्यांना भेटा. खर्च कोटीच्या आसपास जातो, पुढचं औषध-ड्रेसिंग वेगळं.

आणि आईंचं. पंप बाबांना बसेल, पण झोप त्यांची मोडेल. अलार्म वाजला की आधी उठणार त्या. त्यांच्याशिवाय आणखी निदान दोघांनी सगळं शिकावं, तुम्ही आणि भाऊ, नाहीतर त्यांना घराबाहेर एक रात्र काढता येणार नाही. आमच्याकडे मुलगा शनिवार-रविवार सगळं बघतो, म्हणून मी माहेरी जाऊ शकते. हे जमणार नसेल तर मी पंपाला घाई करा म्हणणार नाही. जमत असेल आणि बाबांना स्वतःला हवं असेल, तर करा.

या रविवारी सकाळी आईंना घेऊन समा भागात आमच्या घरी या, ह्यांचं ड्रेसिंग दहाच्या सुमारास असतं. येताना बाबांचा उजव्या हृदयाचा रिपोर्ट आणा. ह्यांना त्यातलं आता बरंच कळतं आणि बाबांशी त्यांना एकट्यानं बोलायचंय.