वाचकांचे प्रश्न : परदेशातलं दत्तक आणि दोन देशांची दारं

बडोद्याच्या ख्रिस्ती वाचकांकडून परदेशातल्या नातेवाइकांच्या दत्तकाबद्दल बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. कायद्याची उत्तरं दत्तकाची कामं पाहणाऱ्या वकिलांनी दिली आहेत, आरोग्याची बालरोगतज्ज्ञांनी.

मुलगा-सून अमेरिकेत आहेत. दोघांचे पासपोर्ट भारतीय, हाती ग्रीन कार्ड. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. आमच्या हिंदू शेजाऱ्यांनी सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवून मूल घेतलं. आम्हालाही तसंच करता येईल का? (फतेगंज)

नाही. शेजाऱ्यांचं दत्तकपत्र १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखालचं आहे. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे, ख्रिस्ती कुटुंबांना नाही. तुम्ही स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र केलंत, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्यात, तरी त्या कागदातून मूल कायद्याने तुमचं होत नाही. पासपोर्टच्या खिडकीवर नाही तर व्हिसाच्या खिडकीवर तो कागद अडतोच, आणि तोवर मूल घरात रुळलेलं असतं.

पूर्वी ख्रिस्ती दांपत्यांपुढे १८९० च्या पालक-पाल्य कायद्याचाच रस्ता होता. त्यात फक्त पालकत्व मिळे. मूल सज्ञान झालं की ते संपे आणि वारसाहक्क मिळत नसे. आजही काही ज्येष्ठ मंडळी तोच मार्ग सुचवतात. तो विसरा. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येतं. आता २०१५ चा बालन्याय कायदा आणि २०२२ चे दत्तक नियम लागू आहेत. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेशाच्या तारखेपासून मूल सर्व अर्थांनी तुमचं, वारसाहक्कासकट.

आता खरी अडचण. भारताच्या बाजूने तुमचा मुलगा एनआरआय आहे. मूल मिळण्याच्या क्रमात एनआरआय आणि इथे राहणारे भारतीय यांना सारखाच अग्रक्रम असतो, म्हणून ‘आपलं काम लवकर होईल’ असं घरच्यांना वाटतं. पण मूल अमेरिकेत न्यायचं तर तिकडचंही दार उघडावं लागतं. आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारातल्या देशातून (भारत त्यात आहे) मूल आणण्यासाठी अमेरिकेचा आय-८००ए, म्हणजे पालकांच्या पात्रतेचा अर्ज लागतो आणि तो अमेरिकन नागरिकच करू शकतो. नवरा-बायकोपैकी एक तरी नागरिक हवा. ग्रीन कार्डवर किंवा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर हा अर्ज करता येत नाही.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी दुसरी वाट आहे : मूल १६ वर्षांचं होण्याआधी दत्तक पूर्ण करायचं, दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं प्रत्यक्ष एकत्र राहणं दाखवायचं, मग नातेवाइकाला तिकडे नेण्याचा आय-१३० अर्ज. मूल आधी अमेरिकेत जाऊ शकत नसल्याने ती दोन वर्षं आई किंवा बाबा यांच्यापैकी कुणी तरी भारतात काढावी लागतात, आणि इतका काळ बाहेर राहिलं तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४ व्हिसालाही दत्तक मुलासाठी हीच दोन वर्षांची अट आहे.

म्हणून आमचा सल्ला : नागरिकत्वाचा अर्ज वर्ष-दीड वर्षात होणार असेल, तर तो होऊ द्या आणि मगच दत्तकाची नोंदणी करा. एकाला नागरिकत्व मिळालं की आय-८००ए चं दार उघडतं. वय मात्र आजच मोजून ठेवा. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि मुलात व पालकांत किमान २५ वर्षांचं अंतर हवं.

कॅनडात असलेल्यांसाठी चित्र वेगळं आहे. तिथे परमनंट रेसिडेंटही दत्तक मुलाला स्पॉन्सर करू शकतो, पण मंजुरी प्रांताची लागते. टेक्सासच्या मावसभावाचा अनुभव ओंटारिओला लावू नका.

माझे थोरले भाऊ-वहिनी अमेरिकन नागरिक आहेत, त्यांना मूल नाही. माझी मधली मुलगी १४ वर्षांची आहे. तिला त्यांच्याकडे दत्तक द्यावं, तिचं शिक्षण चांगलं होईल, असं दोन्ही घरांना वाटतं. नात्यातलं दत्तक सोपं असतं ना? (निझामपुरा)

भारताच्या बाजूने शक्य आहे. मुलीचे सख्खे मामा ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसतात. काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा एवढेच त्यात येतात आणि नातं मुलाकडून मोजायचं असतं. चुलतभावाचं किंवा मामेबहिणीचं मूल त्यात बसत नाही. भाऊ-वहिनी तिकडच्या अधिकृत एजन्सीकडून होम स्टडी म्हणजे घराची-कुटुंबाची पाहणी करून घेतात. ती एजन्सी कारा म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करते. बडोद्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष तुमच्या घरी येऊन कौटुंबिक अहवाल तयार करतो. तुम्हा दोघांची लेखी संमती लागते आणि मूल पाच वर्षांवरचं असल्याने तिचीही. मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश.

अडतं ते अमेरिकेच्या बाजूने, आणि हे आधी फार कमी लोकांना कळतं. जन्मदाते दोघंही हयात असतील, तर ते मुलाचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत असं अमेरिकेच्या आय-८०० अर्जात, म्हणजे ठरलेल्या मुलासाठीच्या अर्जात, सिद्ध करावं लागतं. तुम्ही मुलीला शाळेत पाठवता, खाऊ-पिऊ घालता, घर चालवता. ‘तिकडे भविष्य जास्त चांगलं’ हे असमर्थतेत मोडत नाही. अशा वेळी इथला आदेश हातात असतो, कायद्याने मुलगी भाऊ-वहिनींची झालेली असते आणि व्हिसा नाकारला जातो. मुलगी बडोद्यातच, तुमच्याच घरात, पण कागदावर तुमची नाही. यातून बाहेर पडणं अतिशय किचकट आहे.

दुसरी घाई वयाची. आय-८०० अर्ज मूल १६ वर्षांचं होण्याआधी दाखल व्हावा लागतो. आय-८००ए ची मंजुरी, होम स्टडी, काराची नोंदणी यांत बराच काळ जातो, म्हणजे तुमच्याकडे दोन वर्षंही नाहीत.

शिक्षण हाच हेतू असेल, तर दत्तक देऊ नका. मामाने फी भरावी, मुलीने पुढे स्टुडंट व्हिसावर जावं. आणि आधी मुलीला एकटीला बसवून विचारा. चौदा वर्षांची मुलगी मोठ्यांसमोर ‘हो’ म्हणते. तिला खरंच काय वाटतं ते त्या ‘हो’ वरून कळत नाही.

आम्ही बाळाचे गॉडपेरेंट्स आहोत. आई-वडील अपघातात गेले. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर धर्ममाता-धर्मपिता म्हणून आमची नावं आहेत. आम्हाला प्राधान्य मिळेल का? (मकरपुरा)

चर्चच्या मंडळीत तुमचं स्थान मोठं आहे, पण कायद्यात ते नातं धरलं जात नाही. बाळाला ताबडतोब बालकल्याण समितीसमोर न्या, १०९८ वर फोन करूनही मदत मिळते. आजी-आजोबा किंवा काका-मामा असतील तर समिती आधी त्यांना विचारते. कुणीच नसेल तर बाळ तात्पुरतं तुमच्याकडे राहू द्यावं, अशी विनंती समितीलाच करा. समितीला न कळवता ठेवून घेऊ नका, उद्या ठपका तुमच्यावर येईल.

ओळखीच्या सिस्टरांकडे एका अविवाहित मुलीचं बाळ आहे. परदेशातल्या ख्रिस्ती दांपत्याला ते थेट देता येईल का? बाळ ख्रिस्ती घरातच वाढावं अशी त्या मुलीची इच्छा आहे. (फतेगंज)

थेट देता येत नाही. ज्या मिशन किंवा आश्रमाला दत्तक संस्थेची मान्यता नाही, त्याने मूल देणं आणि कुणी ते घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. पैशांची देवघेव झाली तर तो मूल विकण्याचा गुन्हा होतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कागदोपत्री ‘देणगी’ म्हटल्याने सुटका होत नाही. मान्यता असलेली संस्थासुद्धा नियमात ठरलेली फी पावतीनेच घेऊ शकते, वर देणगी घेऊ शकत नाही.

जुन्या वाचकांना वाटतं की मिशनरी संस्थांकडून मुलं पूर्वीसारखीच मिळतात. मिशनरीज ऑफ चॅरिटीने २०१५ मध्येच, एकट्या पालकांना मूल देण्याच्या नियमाला आक्षेप घेऊन, आपल्या केंद्रांतलं दत्तकाचं काम थांबवलं.

त्या आईने बालकल्याण समितीसमोर सोडपत्र द्यायचं. त्यानंतर तिला विचार बदलायला ६० दिवस मिळतात. ते दिवस तिचे आहेत, कुणी तिच्यावर घाई लादू नये. मग बाळ दत्तकासाठी कायदेशीर मोकळं जाहीर होतं आणि पोर्टलवर जातं. पोर्टलवर पालकांना धर्म निवडता येत नाही, म्हणून अमुक धर्माच्या घरात जाईल अशी खात्री त्या मुलीला कुणी देऊ नये. परदेशी नागरिक आणि ओसीआय (भारतीय वंशाचे, ओसीआय कार्ड असलेले परदेशी नागरिक) यांचा विचार तर बाळ मोकळं झाल्यावर ६० दिवसांत भारतीय वा एनआरआय घर न मिळाल्यासच होतो. विशेष गरजा असलेली मुलं, भावंडांच्या जोड्या आणि पाच वर्षांवरची मुलं यांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येतं.

मुलगी-जावई अमेरिकन नागरिक. त्यांना गुजरातमधल्या एका संस्थेतल्या सव्वा वर्षाच्या मुलाची माहिती आली आहे. मेडिकल रिपोर्टमध्ये एक-दोन बारीक गोष्टी सोडून सगळं ‘नॉर्मल’ आहे. होकार देण्याआधी काय बघावं? (सयाजीगंज)

‘नॉर्मल’ या शब्दापेक्षा तारखा बघा. वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांची एकच नोंद असेल तर ती पुरेशी नाही. संस्थेत आल्यापासूनच्या सगळ्या नोंदी मागा आणि आलेखावर मांडा. वजन कमी आहे पण दर महिन्याला वाढतंय, डोक्याचा घेर आपल्या रेषेवर चाललाय, तर बहुतेक वेळा ती पोषणाची उणीव असते आणि घरच्या जेवणावर भरून निघते. डोक्याचा घेर सरळ आडवा थांबला असेल, तर मेंदूच्या वाढीबद्दल बालरोगतज्ज्ञांना नीट विचारा.

बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वय धरावं. दोन महिने आधी जन्मलेलं सव्वा वर्षाचं मूल तेरा महिन्यांच्या मापाने पाहायचं. चालत नाही, हा मग दोष ठरत नाही. संस्थेत खाटेवर फार वेळ गेलेली मुलंही उशिरा चालतात.

रक्ताच्या तपासण्यांत तारीख आणि त्या वेळचं वय जोडून वाचा. एचआयव्हीची अँटीबॉडी चाचणी दीड वर्षाआधी पॉझिटिव्ह आली तर ती आईची अँटीबॉडी असू शकते, थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. हिमोग्लोबिनची एचपीएलसी चाचणी मागाच. थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही तीत कळतात, आणि छोटा उदेपूर, नर्मदा या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेल आढळतो. ही चाचणी मूल सहा महिन्यांचं होण्याआधी झाली असेल तर पुन्हा करून घ्या, कारण तेव्हा गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं. कान तपासले नसतील तर बेरा चाचणी सुचवा. रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना दाखवण्याचा पालकांना हक्क आहे, त्यात संस्थेवर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही.

होकारानंतरचा क्रम चुकवू नका, इथेच वर्ष वाया जातं. आय-८०० ची तात्पुरती मंजुरी, व्हिसाचा अर्ज, अमेरिकन दूतावासाचं हेग करारातल्या कलम ५ चं पत्र, काराची एनओसी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, दत्तक हेग कराराप्रमाणे झाल्याचं काराचं अनुरूपता प्रमाणपत्र, मुलाचा पासपोर्ट, मग दत्तक मुलाचा आयएच-३ व्हिसा. तात्पुरत्या मंजुरीआधी इथे आदेश घेतला तर हेगचा क्रम मोडतो. दहा वर्षांखालच्या मुलाचं लसीकरण अमेरिकेत पोचल्यावर ३० दिवसांत सुरू करण्याचं शपथपत्र देता येतं, पण मूल दोन वर्षांचं झालं की टीबीची रक्तचाचणी लागते. आयएच-३ वर १८ वर्षांखालचं मूल अमेरिकेत उतरलं की आपोआप नागरिक होतं. तरी भारताला पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवायचे असतात.

बाप्तिस्मा कधी द्यावा? आणि नाव कधी बदलावं? (फतेगंज)

आदेश हाती आल्यावर. त्याआधी मूल तुमच्या घरी असलं तरी ते दत्तकपूर्व संगोपन असतं. पाळकांनाही ही तारीख सांगा, म्हणजे रजिस्टरमध्ये आई-वडिलांची नावं आदेशाप्रमाणे लिहिली जातील. नाव ठरवायचं ते जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याआधी, कारण आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा या चारही ठिकाणी एकच स्पेलिंग लागतं. तुमच्या विवाहाच्या चर्चमधल्या दाखल्याचंही स्पेलिंग पासपोर्टशी ताडून पाहा. ‘डिसोझा’ एका ठिकाणी एस ने आणि दुसरीकडे झेड ने लिहिलेलं असणं हे काम थांबण्याचं नेहमीचं कारण आहे.

मूल तीन-चार वर्षांचं असेल तर हाकेचं जुनं नाव निदान मधलं नाव म्हणून ठेवा. संस्थेत त्याच्या कानावर गुजराती आणि हिंदी पडलेली असते आणि तिकडे एकदम मराठी-इंग्रजी सुरू होतं. बडोद्याच्या आजीला गुजराती येते, ती इथे फार उपयोगाची. पहिले दोन-तीन महिने आजीने रोज व्हिडिओ कॉलवर, नाही तर तिकडे जाऊन, पाणी, भूक, शू, झोप, दुखतंय एवढं त्याच्या भाषेत विचारावं, आणि ते शब्द सुनेने कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत.