जास्वंदीमागचा ब्लर: ५० मिमी की ७०-३००?

तुमचा गोंधळ रास्त आहे. जास्वंदीचं तेच फूल, त्याच दोन लेन्स. पहिल्या दिवशी ५० मिमीने एफ/१.८ ला मागची पानं छान विरघळवली आणि ७०-३०० झूमने तीच पानं कडांसकट दाखवली. दुसऱ्या दिवशी ३०० मिमीने एफ/५.६ ला मागचं कुंपण पार पुसून टाकलं आणि ५० मध्ये मात्र त्याच्या फळ्या मोजता येत होत्या. मग 'एफ नंबर लहान तेवढा ब्लर जास्त' हे खरं की खोटं, आणि आता १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून टिपायची लेन्स) घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही दिवसांचे निकाल बरोबर आहेत. पानं फुलाला चिकटून होती आणि कुंपण लांब होतं, एवढाच फरक.

एक अट आधी सांगतो, कारण निम्मे वाद तिथेच होतात. तुलना करताना फूल दोन्ही फ्रेममध्ये सारख्याच आकाराचं हवं. एकाच जागी उभं राहून नुसती लेन्स बदलली, तर एकीत फूल बोराएवढं आणि दुसरीत फ्रेमभर. त्यावरून काहीच कळत नाही.

लांबची पार्श्वभूमी किती पसरेल हे अपर्चरच्या, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या खऱ्या व्यासावर ठरतं. फोकल लेंग्थला (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याला) एफ नंबरने भागा. ५० भागिले १.८ म्हणजे साधारण २८ मिमी. ३०० भागिले ५.६ म्हणजे जवळजवळ ५४. ज्या झूमला 'अंधारी' म्हणून आपण नाकं मुरडतो, तिचं भोक जवळपास दुप्पट निघालं! १०० मिमी एफ/२.८ मॅक्रो ३६ वर येते. किटमधली १८-५५ पूर्ण झूम करून एफ/५.६ ला जेमतेम १० मिमी, म्हणून तिच्याकडून कितीही आर्जवं केली तरी मागचं कुंपण कुंपणच राहतं.

जवळच्या पानांना हा हिशोब पुरत नाही. समजा फूल सेन्सरवर खऱ्या आकाराच्या एक पंचमांश पडतंय. त्यासाठी ५० मिमी लेन्स फुलापासून सुमारे ३० सेंमीवर लागते आणि ३०० मिमी १.८ मीटरवर. आता फुलामागे १० सेंमीवर एक पान आहे. ५० च्या दृष्टीने ते एक तृतीयांश अंतर आणखी लांब गेलं. ३०० ला १.८ मीटरचे १.९ मीटर झाले, म्हणजे काहीच नाही. त्या पानावरचा एक बिंदू सेन्सरवर ५० मध्ये १.४ मिमीचा होतो, ३०० मध्ये ०.५६ मिमीचा. तेच पान ३ मीटर मागे न्या: ५० मध्ये ५ मिमी, ३०० मध्ये ६.७. पारडं फिरतं ते साधारण १.३ मीटरला. (जवळ फोकस केल्यावर बहुतेक झूमची फोकल लेंग्थ आतल्या आत थोडी घटते, तेव्हा हे आकडे पट्टी लावून तपासू नका. दिशा मात्र हीच.)

मी स्वतः फुलांसाठी बहुतेक वेळा लांब लेन्स वापरतो, आणि त्याचं कारण ब्लरपेक्षा वेगळं आहे. ५० मिमी लेन्स फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) कर्णात ४७ अंश दाखवते, ३०० फक्त ८. परवा कण्हेरीच्या एका गुच्छामागे वाळलेली पांढुरकी काडी येत होती. ब्लर होऊनही तिचा फिकट पट्टा नेमका पाकळीच्या डोक्यातून निघाल्यासारखा दिसायचा. ३०० लावून कॅमेरा वीतभर डावीकडे सरकवला आणि काडी गेली, मागे नुसती गर्द हिरवी सावली उरली. ५० ने हेच करायला गेलो तर काडी जाते आणि तिच्या जागी आभाळाचा तुकडा येतो, तो चुकवला की बादली.

शिवाय एफ/१.८ ला या आकारात खोली, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढी जाडी, मिळते सुमारे ३ मिमी. जास्वंदीच्या दांड्याच्या टोकावरच्या पाच लाल ठिपक्यांवर फोकस केलात की खालचे पिवळे परागकोश गेले, पाकळ्यांचा तर लगदाच. ३०० ला मात्र एफ/८ वर जा: खोली १४ मिमी होते आणि भोक तरीही ३७ मिमी राहतं, म्हणजे पूर्ण उघडलेल्या ५० पेक्षा मोठंच. मागे मोकळी जागा असेल तर हा सौदा मी कधीच सोडत नाही.

हे झालं ब्लर किती याबद्दल. तो कसा दिसतो, हे वेगळं. त्या दिसण्यासाठी वापरतात त्या जपानी 'बोके' शब्दाला इंग्रजीत शेवटचा एच १९९७ मध्ये माइक जॉन्स्टन या संपादकाने जोडला, लोकांनी उच्चार नीट करावा म्हणून. आपल्याला उच्चाराची अडचण नाही, फक्त डोळ्यांसमोर मांजरं येतात. गंमत म्हणजे फ्रेमच्या कडेला प्रकाशाचे ठिपके लांबट होतात त्यांनाही 'मांजरडोळे'च म्हणतात. लेन्सची नळी तिरका प्रकाश कापते म्हणून ते होतं, आणि अपर्चर एक स्टॉप (निम्मा प्रकाश) बंद केलं की बरंच सुधारतं. पण तेव्हा अपर्चरच्या पात्यांचा आकार दिसू लागतो: कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ/१.८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पाच पाती, म्हणून पंचकोनी ठिपके. गवताच्या काड्या मागे दुहेरी दिसू लागल्या तर लेन्स बदलण्याआधी जागा बदला. हेलिऑस ४४-२ या जुन्या सोव्हिएत लेन्सचा भोवरा, म्हणजे गोल फिरल्यासारखी दिसणारी पार्श्वभूमी, मीही हौसेने वापरला. दहाव्या फोटोनंतर फुलाकडे कुणी बघतच नाही.

मॅक्रोचं म्हणाल तर अख्ख्या फुलासाठी, मागचं लांब असेल तर, ती ब्लरमध्ये तुमच्या झूमच्या पुढे जाणार नाही. तिचं काम परागकोशांपाशी सुरू होतं. तिथे १:१ ला (सेन्सरवर खऱ्या आकाराएवढंच) एफ/८ वरही खोली एक मिमीच्या आत असते, ट्रायपॉड आणि वारा पडण्याची वाट, दोन्ही आलं. आधी २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी रिकामी नळी) ५० ला लावून बघा, खऱ्याच्या अर्ध्या आकारापर्यंत सहज जाता येतं. ३०० ला तीच ट्यूब आकारात जेमतेम ०.०८ पट भर घालते, तिथे नको.

आता कुंपणापासून दोनेक मीटर पुढे असलेलं फूल निवडा, ३०० मिमी, एफ/८, वारा असेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको. क्रॉप न केलेला फोटो इथे टाका, मग काडी कुठे सरकवायची ते बघू.