चादरीतला मोर आणि भोकांचे पुठ्ठे

प्रश्न: आजोबांच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लटकलेली असायची, त्यावरून चादरीत मोर कसा काय उमटायचा हो? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: अहो, तो मोर म्हणजे पिक्सेलचंच चित्र! एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची (आडव्या धाग्याची) एक ओळ, भोक असलं की मागाचा हूक ताण्याचा (उभा) धागा वर उचलतो, नसलं की धागा खालीच, म्हणजे कॉम्प्युटरच्या १ आणि ० सारखंच. फ्रान्सच्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हा माग आणला, १८३९ ला त्याचंच पोर्ट्रेट रेशमात विणलं गेलं तर तब्बल २४,००० पुठ्ठे लागले, बघणाऱ्याला छापील चित्रच वाटावं इतकं बारीक! त्या पोर्ट्रेटची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजकडं होती, आणि त्यानंही आपल्या गणितं करणाऱ्या यंत्रासाठी असलेच पुठ्ठे योजले. आजोबांचे पुठ्ठे अजून असतील तर प्लीज रद्दीत घालू नका, उजेडासमोर धरून बघा एकदा.